घोणस, तिसरा टप्पा: खवले आणि मधली कातडी

घोणस या विषारी सापाचं थ्रीडी मॉडेल मी संगणकावर बनवतोय; या खेपेचं काम जवळजवळ सगळं कातडीवर गेलं. अंगाचा ढोबळ आकार आधीच बसला होता: जाडजूड धड, आखूड शेपूट, मानेपासून ठळक वेगळं दिसणारं तिकोनी डोकं. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्प्लाइन आयके (एका वक्र रेषेबरोबर सगळं अंग वळवायची सोय) लावून वळणंही छान मिळत होती. मात्र टाइल केलेला, म्हणजे एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडलेला, नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा भास देणारं चित्र) वळणावर ताणला गेला की अंगावर खवले छापल्यासारखे दिसत. खरा खवला ताणत नाही. ताणते ती दोन खवल्यांमधली मऊ, घड्या पडलेली कातडी.

हे समजून घ्यायला कातीसारखं साधन नाही. टाकलेली कात सापापेक्षा चांगलीच लांब भरते, कारण खवल्यांमधल्या घड्या उलगडतात. उजेडात धरली की एकेका खवल्याची कड, घोणशीच्या खवल्यावरची मधली धार (उंचावलेली उभी रेघ), सगळं स्वच्छ दिसतं. डोळ्याच्या जागी पारदर्शक गोल चकती असते, कारण सापाला पापण्या नसतात. कातीचा स्कॅन वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: कात बहुतेकदा उलटी होऊन निघते. म्हणजे पाठीवरची धार तिथे खाच म्हणून येते, तेव्हा हाइट मॅप (उंची-खोली साठवणारं चित्र) उलटा करून घ्या.

आता खवले जिऑमेट्री नोड्समधून (ब्लेंडरमधली, नियम देऊन आकार घडवायची सोय) बसवतोय. घोणशीच्या धडाच्या मध्यावर खवल्यांच्या 27 ते 33 रांगा असतात. मी 29 घेतल्या. शेजारच्या रांगा अर्ध्या खवल्याने सरकवलेल्या, त्यामुळे तिरक्या ओळी आपोआप तयार होतात. मानेकडे आणि शेपटीकडे रांगा कमी होत जातात. सगळे खवले नुसते बारीक करून तोच आकडा टिकवला, तर सापांची सवय असलेल्या डोळ्याला लगेच खटकतं. म्हणून ठरावीक ठिकाणी दोन रांगांची एक केली. प्रत्येक खवला खालच्या मेशवरच्या (अंगाचा आकार देणाऱ्या जाळीवरच्या) एका बिंदूला बांधलाय. तो मेशबरोबर फिरतो, पण मोठा-लहान होत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला खवले एकमेकांवर चढतात, बाहेरच्या बाजूला फाकतात आणि मधली कातडी डोकावते. हे पहिल्यांदा रेंडरमध्ये (मॉडेलवरून तयार होणाऱ्या चित्रात) दिसलं तेव्हा अक्षरशः उठून उभा राहिलो.

सगळ्यात खालची, पोटाला लागून असलेली रांग धारेविना, गुळगुळीत ठेवा. पोटाच्या रुंद पट्ट्या वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये आहेत. धडाच्या प्रत्येक पट्टीमागे साधारण एक मणका असतो, त्यामुळे पट्ट्यांची संख्या ठरली की वळणं कुठे कुठे वाटली जायची तेही ठरतं. एकाच जागी काटकोनात मोडलेला साप मग होत नाही.

रंग टेक्स्चरऐवजी (अंगावर चढवायच्या चित्राऐवजी) खवल्यांच्या ॲट्रिब्यूटवर, म्हणजे प्रत्येक खवल्याबरोबर साठवलेल्या माहितीवर, दिलाय. पाठीवर तपकिरी लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, त्यांना काळी कड, तिच्याबाहेर पांढरट कड, आणि ती बाजूच्या रांगांत तुटक. कडेवरच्या प्रत्येक खवल्याला आपला स्वतःचा रंग मिळाल्याने रेषा किंचित दातेरी येते, आणि ती तशीच हवी. पाठीचा रफनेस (तो जास्त असला की चमक कमी) बराच जास्त, पोटाचा कमी. पाठ चकचकीत केली की घोणस प्लॅस्टिकची वाटते.

रानातला साप नुकता धुऊन ठेवल्यासारखा नसतो. धारांच्या खोबणीत माती, एखादा जुना व्रण, तुटके खवले हवेतच. कात टाकायला आलेल्या सापाचे डोळे दुधाळ निळसर होतात, रंग मळकट पडतो. त्यासाठी एकच स्लायडर केलाय, त्यावर डोळा आणि कातडी दोन्ही बदलतात.

संदर्भासाठी जिवंत घोणशीच्या जवळ मात्र कुणीही जाऊ नका. सुस्त पडलेली दिसते आणि विजेच्या वेगाने झेपावते. दंश जीवघेणा ठरू शकतो. लांबून काढलेले चांगले फोटो आणि संग्रहालयातले नमुने आपल्या कामाला पुरतात.

डोकं अजून बाकी आहे. नाग किंवा धामण यांच्या डोक्यावर मोठ्या ढाली असतात. घोणशीच्या माथ्यावर सगळे बारीक, धारेचे खवले, मोठी नाकपुडी आणि उभी बाहुली. त्यानंतर फूत्कार. घोणस अंग फुगवून जोरात फुसफुसते, म्हणजे खवले सगळीकडून एकदम फाकायला हवेत. कातडीची ही मांडणी तिथे टिकते का, ते पुढच्या टप्प्यात चाचणी रेंडरसकट टाकतो.