साधन दिले : होय

मी फिरती विशेष शिक्षिका आहे. श्रवणदोष हा माझा विषय. परवा चौथीतल्या एका मुलीला तपासलं आणि ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, हिला सगळं ऐकू येतं. हाक मारली की लगेच बघते. लक्षच नसतं. अध्ययन अक्षमतेत बसते का बघा." मी श्रुतलेखनाची वही मागितली. पानं लाल फुल्यांनी भरलेली. 'आकाश'चं 'आका', 'कळस'चं 'कळ', 'सावली'चं 'आवली'. लक्ष नसलेलं मूल कुठेही चुकतं. इथे श आणि स तेवढे गायब होते. म्हणजे जाड आवाज पोचतात, बारीक पोचत नाहीत. हाकेला ती वळणारच, नावातले स्वर तिला ऐकू येतात.

ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरला आणि ऐकणं तपासायचे नेहमीचे सहा ध्वनी काढले: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आलं की मणी डब्यात टाकायचा. पहिल्या चारांना मणी पडले. श आणि स म्हटलं तेव्हा ती मणी हातात धरून नुसती पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

नोंदवहीत तिच्या नावापुढे लिहिलंय, 'साधन दिले : होय'. साधन म्हणजे श्रवणयंत्र. ते निघालं कपाटातल्या डबीत. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "वर्गात शिट्टी वाजते हो, मुलं हसतात." यंत्र चांगलं होतं. मुलीचा कान वाढला, यंत्राचा कानात बसणारा, कानाच्या मापाने केलेला साचा तेवढाच राहिला. फटीतून निसटलेला आवाज परत माइकमध्ये शिरतो, तीच शिट्टी. माझ्याकडचा सेल घेतला, स्टिकर सोलून मिनिटभर हवा लागू दिली, साचा बोटाने कानात दाबून धरला. शिट्टी थांबली. पुन्हा पुठ्ठा. 'श'ला मणी पडला. 'स'ला जरा उशिरा, पण पडला!

वर्गशिक्षिकांना मी दोष देत नाही, सेल कसा घालायचा हेही त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. चीड येते ती यंत्रवाटपाच्या हिशेबाची. १९७४च्या एकात्म शिक्षण योजनेपासून ही मुलं सर्वसाधारण शाळेत आणणं चाललंय. २०१६च्या कायद्याने ४० टक्के आणि त्यापुढचं अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकसाठी १० मुलांमागे १ विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलं. आणि आमच्या नोंदीच्या नमुन्यात यंत्र कानात आहे का, हे विचारणारा रकानाच नाही. वाटपाच्या दिवशी फोटो निघतात. साचा बदलायला कुणी येत नाही.

नव्या साच्यासाठी पत्र दिलं. उत्तर आलं, पुढच्या शिबिरात बघू. तोवर मुलीला पहिल्या बाकावर बसवलंय आणि श्रुतलेखन फळ्याकडे तोंड करून द्यायचं नाही, एवढं वर्गशिक्षिकांनी मनापासून मान्य केलंय. यादीतल्या बाकीच्या 'होय'वाल्या मुलांकडेही मी आता जातेय. एका शाळेत यंत्र अजून वेष्टनातच होतं.