बत्तीसच्या पिस्तुलात कोणते काडतूस भरावे?

वडिलांच्या पश्चात त्यांच्या पिस्तुलाचा परवाना माझ्या नावावर झाला, तेव्हा मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे चुकीची काडतुसे विकत आणली. परवान्यावर ‘.३२ बोअर’ (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, येथे इंचात) एवढेच लिहिलेले होते आणि दुकानदाराने ‘मालक, बत्तीस म्हणजे बत्तीसच की’ असे म्हणून पेटी पुढे सरकवली. घरी येऊन एक काडतूस मॅगझीनमध्ये बसवू लागलो, तर ते लांबीला जास्त भरले आणि बुडाशी असलेली रुंद कडही आडवी येऊ लागली. ती रिव्हॉल्व्हरची काडतुसे होती.

बत्तीस बोअरमध्ये आपल्याकडे दोन अगदी वेगळी काडतुसे चालतात, हे त्या दिवशी कळले. ज्याला ‘एस अँड डब्ल्यू लाँग’ म्हणतात ते रिव्हॉल्व्हरचे. त्यात साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सहा ग्रॅमपेक्षा थोडी जड, शिशाची गोळी असते आणि ती बरीच संथ जाते. पिस्तुलाचे ते ‘.३२ एसीपी’, ज्याला युरोपात ७.६५ मिलिमीटर म्हणतात. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन शस्त्ररचनाकाराने ते बेल्जियममधील एफएन कारखान्याच्या पिस्तुलासाठी १८९९ च्या सुमारास तयार केले. त्यातील गोळी ७१ ग्रेनची, सुमारे ४.६ ग्रॅम वजनाची, आणि बहुधा तांब्याच्या पूर्ण कवचात बंद असलेली असते. दोन्ही काडतुसांतील दाबही सारखा नसतो, म्हणून एकाच्या जागी दुसरे वापरून पाहण्याचा मोह कोणीही करू नये. तेव्हापासून दुकानात ‘बत्तीसची द्या’ असे न म्हणता ‘पिस्तुलाची, सात पासष्टची’ असे म्हणण्याची सवय मी लावून घेतली आहे.

आमचे पिस्तूल लहान, खिशात मावणारे, जुन्या परदेशी बनावटीचे आहे. सोलापुरात अक्कलकोट रोडवरील एमआयडीसीत आमचे यंत्रमाग होते, दर शनिवारी कामगारांचा पगार रोखीने वाटला जाई आणि बँकेतून कारखान्यापर्यंत ती रक्कम वडील स्वतः नेत. आता पगार खात्यात जमा होतो आणि पिस्तूल जवळ बाळगण्याचे प्रसंग वर्षातून फार थोडे येतात. तरीही जे शस्त्र बाळगायचे त्यात काय भरायचे, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि मोठ्या बोअरच्या शस्त्रापेक्षा लहान बोअरच्या शस्त्रात तो अधिक काळजीने सोडवावा लागतो. ९ मिलिमीटर आणि .३८ ही काडतुसे आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहेत, त्यामुळे ‘मोठेच घ्या की’ हा परदेशी सल्ला आपल्या कामाचा नाही.

आकडे पाहिले की लहान बोअरची मर्यादा लक्षात येते. ७.६५ ची गोळी सेकंदाला साधारण २७५ मीटर वेगाने निघाली, तर तिच्यातील ऊर्जा सुमारे १७५ ज्यूल भरते. ९ मिलिमीटरच्या नेहमीच्या गोळीत ती पाचशे ज्यूलच्या आसपास असते. शिवाय पेटीवर छापलेला वेग हा बहुधा चार इंची चाचणी नळीतून मोजलेला असतो, आणि खिशातल्या पिस्तुलाची नळी त्याहून आखूड असल्यामुळे प्रत्यक्षात वेग आणखी थोडा कमी पडतो. म्हणजे आपल्या हाती ऊर्जेची शिल्लक मुळातच थोडी आहे, आणि ती कशावर खर्च करायची हे ठरवणे म्हणजेच काडतूस निवडणे.

येथेच पोकळ टोकाच्या गोळीचा विषय निघतो. ज्यांनी शस्त्राविषयी थोडेफार वाचलेले असते ते हमखास सांगतात, की स्वसंरक्षणासाठी पोकळ टोकाचीच गोळी हवी, कारण ती लागल्यावर फुलते, रुंद होते आणि समोरून पलीकडे निघून जात नाही. या कल्पनेचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे: कोलकात्याजवळील दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात अशा फुलणाऱ्या गोळ्या तयार झाल्या आणि ‘दमदम गोळी’ हे नाव जगभर झाले. १८९९ च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने त्यांचा युद्धातील वापर वर्ज्य ठरवला. तो जाहीरनामा राष्ट्रांच्या युद्धापुरता आहे. अनेक देशांतील पोलीस आज अशाच गोळ्या वापरतात, आणि त्यामागे पलीकडच्या निरपराध माणसाला इजा होऊ नये हाही विचार असतो. मोठ्या बोअरच्या बाबतीत हे सारे बरोबर आहे.

परंतु गोळी फुलण्यासाठी ऊर्जा लागते, आणि पुढे जाण्यासाठीही लागते. अमेरिकेत १९८६ साली मायामी येथे झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या तेथील केंद्रीय तपास यंत्रणेने काडतुसांच्या चाचणीची जी पद्धत बसवली, तिच्यात शरीराच्या जागी धरलेल्या जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच आणि फार तर १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर, जावी अशी अपेक्षा आहे. मायामीत एक गोळी हातातून जाऊन छातीत शिरूनही हृदयापूर्वीच थांबली होती आणि तो हल्लेखोर त्यानंतरही गोळीबार करत राहिला, हे त्या निकषामागचे कारण. ७.६५ ची पोकळ टोकाची गोळी या कसोटीवर बहुधा दोन्ही बाजूंनी अडखळते: ती फुलली तर तिथवर पोचण्यापूर्वीच थांबते, आणि आखूड नळीतून कमी वेगाने निघाल्यामुळे किंवा टोकात जाड कापड कोंबले गेल्यामुळे फुललीच नाही, तर ती साध्या गोळीसारखीच वागते आणि आपण पैसे मात्र कित्येक पट मोजलेले असतात. साध्या, गोल टोकाच्या, पूर्ण कवचाच्या गोळीला हा निकष गाठणे तुलनेने सोपे जाते. .२२ आणि .२५ च्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे.

दुसरा मुद्दा मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. ७.६५ च्या काडतुसाला बुडाशी किंचित बाहेर आलेली कड असते. ब्राउनिंगचे पिस्तूल ठरावीक लांबीच्या काडतुसासाठी आखलेले आहे. पोकळ टोकाची काडतुसे बहुधा थोडी आखूड असतात, त्यामुळे मॅगझीनमध्ये ती पुढेमागे सरकतात आणि कधी वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकून बसते. तसे झाले की पिस्तूल तेथेच ठप्प होते आणि ही गाठ नुसते स्लाइड ओढून सुटत नाही. ज्या क्षणासाठी शस्त्र बाळगले त्याच क्षणी ते अडावे, यापेक्षा गोळीचे टोक साधे असलेले परवडले.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील साधी कवचाची काडतुसे भरतो. पुण्याकडील एका रेंजवर रीतसर परवानगीने पन्नास झाडून पाहिली, त्यांतील दोन पहिल्या ठोक्याला उडाली नाहीत आणि दुसऱ्या ठोक्याला उडाली. जाणकार शंभर-दोनशे काडतुसे झाडून पाहण्याचा सल्ला देतात, पण परवान्यावर एका वेळी आणि वर्षभरात किती घ्यायची याचा आकडा लिहिलेला असताना तेवढे करणे सोपे नाही. म्हणून एकाच पेटीतील निम्मी चाचणीला आणि निम्मी ठेवायला, असा हिशेब मी धरतो.

ठेवण्यातही सोलापूरची हवा विसरता येत नाही. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो आणि उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमधली उष्णता त्याहूनही फार अधिक असते. तेथे काडतुसे विसरणे मी गुन्ह्याइतकेच वाईट मानतो. खिशात घामाने पितळ काळवंडते, आणि ज्याचे दिवस मागाच्या खोलीत गेले त्याला सुताची धूळ कोठे कोठे शिरते हे सांगायला नको. वडिलांच्या मॅगझीनच्या स्प्रिंगवर मला कापसाचा बारीक थर सापडला होता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा समजली. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच वरचे काडतूस पुन्हा नळीत चढवले, तर प्रत्येक वेळी टोक नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर आपटून गोळी पुंगळीत थोडी थोडी मागे सरकते. आतली जागा कमी होते आणि उडवताना दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी ते उभे करून पाहिले, तेव्हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसला. आता वरचे काडतूस मी आळीपाळीने बदलतो आणि आखूड दिसणारे बाजूला काढतो.

भिंतींचा विचारही मी केला आहे. आमचे घर जुन्या भागात आहे, शेजारच्यांची आणि आमची भिंत एकच, आणि पलीकडे दोन मुले झोपतात. साध्या गोळीचा दोष असा, की ती अधिक दूर जाते. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे खाजगी संरक्षणाचा हक्क देतात, पण संरक्षणाला जेवढी आवश्यक तेवढीच इजा, ही ३७ व्या कलमाची अट आहे. आणि ४४ व्या कलमातले, जमावात मुले मिसळलेली असल्याचे उदाहरण वाचताना मला दर वेळी ती भिंतच आठवते. कायदा तेथे प्राणघातक हल्ल्यात सापडलेल्या माणसाला सांभाळून घेतो, पण मला शेजारच्यांना तोंड दाखवायचे आहे. म्हणून काडतूस न बदलता मी पलंगाची जागा बदलली: आता दाराकडे तोंड केले, तर दारापलीकडे रस्त्याच्या बाजूची जाड दगडी भिंत येते.