पेलेंच्या पानावर मार्ता

पेले गेल्याची बातमी आली तेव्हा २९ डिसेंबर २०२२ ची मध्यरात्र उलटली होती. आमच्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्त्या छपाईला गेल्या होत्या, शहर आवृत्तीचं पहिलं पान तेवढं हातात होतं. ते महिनाभर साओ पावलोच्या रुग्णालयात होते, त्यामुळे मजकूर तयारच होता. खालची बातमी काढली, फोटो लावला, पान सोडलं. खरं काम दुसऱ्या दिवशीचं होतं.

३० तारखेची सकाळ आणखी दोन बातम्या घेऊन उजाडली. पंतप्रधानांच्या मातोश्रींचं निधन झालं होतं आणि ऋषभ पंतची गाडी रूडकीजवळ दुभाजकावर आदळून पेटली होती. पहिलं पान तिथंच भरलं, क्रीडा पानाचा वरचा भागही पंतकडे गेला. तरी दुपारच्या बैठकीत संपादकांनी पेलेंसाठी वेगळं अख्खं पान दिलं. कोल्हापुरात ते द्यावंच लागतं. अर्जेंटिनाने कतारमध्ये चषक उचलून दोन आठवडे होत आले होते, तरी पेठांमधले झेंडे आणि कटआउट जागचे हलले नव्हते. पाटाकडील आणि शिवाजी या इथल्या तालीम-मंडळांच्या फुटबॉल संघांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरवणारं हे गाव पेलेंना दोन कॉलमांत निरोप देणार नाही.

पानाच्या तळाला ‘फुटबॉलचे सार्वकालिक पंचवीस’ अशी यादी द्यायची ठरली आणि ती माझ्याकडे आली.

सुरुवात कुठून करायची याचा मला फार विचार करावा लागला नाही. २००४ मध्ये फिफाला शंभर वर्षं झाली, तेव्हा हयात खेळाडूंतले श्रेष्ठ निवडायचं काम पेलेंकडेच दिलं होतं. शंभर नावं निवडायची होती, त्यांना तेवढ्यात बसवता येईनात, शेवटी १२५ झाली. त्या १२५ मध्ये दोन महिला आहेत, मिशेल एकर्स आणि मिया हॅम, दोघी अमेरिकेच्या. यादीवर तेव्हा भरपूर टीका झाली. १९७० च्या विश्वविजेत्या संघातला पेलेंचा सहकारी जेर्सन याने तर आपलं नाव नाही म्हणून टीव्हीवर यादीचा कागदच फाडला. पण ज्या माणसाला आपण निरोप देतोय त्यानेच एका यादीत पुरुष आणि महिला बसवून दाखवले होते. म्हणून मीही माझ्या पंचविसात एकर्स घेतली. हॅमऐवजी ब्राझीलची मार्ता घेतली. ती २००४ मध्ये अठरा वर्षांची होती, तिची खरी कारकीर्द त्यानंतरची.

यादी डेस्कवर फिरली आणि वाद पेटला.

पहिलं बोलले ते काका. तालमीच्या फुटबॉलचं वार्तांकन करण्यात त्यांची हयात गेलेली, आणि त्यांच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे. ते म्हणाले, “आरं, तुला बायकांवर पान करायचं आसंल तर वेगळं कर की. ह्यात कशाला घालतोस?” आमचा तरुण उपसंपादक फोन पुढे करत म्हणाला, “सर, अमेरिकेच्या महिला संघाला डॅलसच्या पंधरा वर्षांखालच्या पोरांनी हरवलंय. ५-२.” ते खरं आहे. २०१७ मधला सराव सामना होता तो, आणि हा विषय निघाला की कोणी ना कोणी तो काढतंच.

मी त्याला विचारलं, खाशाबा जाधव मोठे पैलवान होते की नाही? कोल्हापुरात या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. पण ते बँटमवेटमध्ये. त्या काळातल्या कुठल्याही बऱ्या हेवीवेट गड्याने त्यांना उचलून आपटलं असतं, म्हणून खाशाबांचं नाव आपण थोरांच्या यादीतून काढतो का? पैलवानाचं मोठेपण त्याच्या गटात आणि त्याच्या काळात मोजतो, आणि यादी मात्र एकच करतो. तो गप्प झाला. काका झाले नाहीत.

“वजनाचं ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “समोर कोण होतं ते सांग. तुझ्या एकर्सनं १९९१ ला दहा गोल मारले. त्यातले पाच एका मॅचला, तैवानबरोबर. बारा टीमचा वर्ल्ड कप तो. दुबळ्यांवर मारलेले गोल का मोजायचे?”

हा आक्षेप मला मान्य आहे, निदान अर्धा. म्हणूनच विश्वचषकात मार्ताचे १७ गोल आणि पुरुषांत मिरोस्लाव क्लोजाचे १६, म्हणजे मार्ता श्रेष्ठ, असलं गणित मी यादीच्या समर्थनार्थ मांडलं नाही. दोन्ही स्पर्धा सारख्या नाहीत. पण हीच फूटपट्टी पेलेंनाही लावायला हवी. १९५८ चा स्वीडनमधला विश्वचषक सोळा संघांचा होता, त्यात आफ्रिका आणि आशियातला एकही संघ नव्हता. पेलेंचे बाराशेहून अधिक गोल आपण कौतुकाने सांगतो, त्यांत मैत्रीपूर्ण सामने आहेत, सैन्याच्या संघाकडून मारलेले गोलही आहेत. तिथे आपण म्हणतो, काळच तसा होता. तो काळ महिलांसाठी कसा होता, तेवढं आपण विचारत नाही.

ते मी काकांना सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज चढला होता. १९४१ मध्ये ब्राझीलमध्ये हुकूम निघाला, ‘स्त्रीप्रकृतीला न मानवणारे’ खेळ बायकांनी खेळायचे नाहीत. फुटबॉल त्यातच आला. ही बंदी उठली १९७९ मध्ये. पेले सान्तोस क्लबकडून पहिल्यांदा मैदानात उतरले १९५६ ला, निवृत्त झाले १९७७ ला. म्हणजे त्यांनी जिंकलेले तिन्ही विश्वचषक, सगळे गोल, सगळी कारकीर्द अशा काळात झाली, जेव्हा त्यांच्या देशात त्यांच्याच वयाच्या मुलीला चेंडूला पाय लावायला कायद्याने मनाई होती. इंग्लंडची गोष्ट त्याआधीची. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक कर कारखान्याच्या मुलींचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. पुढच्याच डिसेंबरात तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं महिलांना बंद केली, ती जवळपास पन्नास वर्षं. १९९१ ला बाराच संघ का होते, याचं उत्तर हे आहे. ज्यांनी दार बंद ठेवलं, त्यांनीच आत गर्दी कमी होती म्हणून नाक मुरडायचं, हे मला पटत नाही.

काका ऐकत होते. मग म्हणाले, “त्या मार्ताचं काय हाय ते तरी दाव.”

पान लावणाऱ्या ऑपरेटरच्या संगणकावर मी २००७ च्या महिला विश्वचषकाचा उपान्त्य सामना काढला. चीनमधलं हांगझोऊ, ब्राझील विरुद्ध अमेरिका. सामन्याची अकरा-बारा मिनिटं उरलेली. पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कडेला चेंडू मार्ताकडे येतो तेव्हा तिची पाठ गोलकडे आहे आणि बचावपटू अगदी अंगाला भिडलेली. मार्ता चेंडू हवेतच थोपवते, तो खाली यायच्या आत मागच्या मागे बचावपटूच्या एका अंगाने काढून देते आणि स्वतः दुसऱ्या अंगाने वळून चेंडूपाशी पोचते. दुसरी बचावपटू धावत येते, तिला एका झुकांडीत बाजूला टाकते, आणि गोल. ब्राझील ४-०. काकांनी तो परत लावायला सांगितला, मग आणखी एकदा. ऑपरेटर म्हणाला, पंतचं पान द्यायचंय अजून.

“गोल भारी हाय,” काका म्हणाले. “पण एका गोलावर कुणी श्रेष्ठ व्हत न्हाई.”

बरोबरच आहे. मी फक्त त्या गोलावर तिला घेतलं नव्हतं. ब्राझीलच्या अलागोआस राज्यातल्या दोईस रियाशोस नावाच्या खेड्यातली पोर, मुलांमध्ये खेळत वाढलेली, चौदाव्या वर्षी बसने रिओला गेली, तिथून पुढे स्वीडनला. सहा वेळा जगातली सर्वोत्तम ठरली, पाच वेगवेगळ्या विश्वचषकांत गोल केले, आणि त्या डिसेंबरपर्यंत ब्राझीलसाठी शंभरावर गोल तिच्या नावावर होते. तिथला महासंघ महिला संघाकडे किती कमी बघतो हे सतत चारचौघांत बोलत राहिली, तेही खेळ न सोडता. एकर्सचं तसंच. थकव्याच्या जुनाट आजाराने वर्षानुवर्षं पिडलेली. १९९१ च्या अंतिम सामन्यात नॉर्वेविरुद्ध २-१, दोन्ही गोल तिचे. १९९९ ला अंगात पूर्वीची धाव उरली नाही तेव्हा आक्रमण सोडून मधल्या फळीत मागे येऊन उभी राहिली आणि अंतिम सामन्यात नव्वद हजारांसमोर नव्वद मिनिटं चीनला अडवून धरलं, त्यानंतरच तिला बाहेर न्यावं लागलं. आपल्या खेळाचा साचा असा बदलू शकणारे पुरुष आपण श्रेष्ठच म्हणतो.

सातच्या सुमाराला संपादक आले. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि घड्याळाकडे बघत तोडगा सुचवला, महिलांची वेगळी चौकट करा, खाली, रंगीत पट्टी द्या. मी नको म्हणालो. वेगळी चौकट म्हणजे स्त्रियांना मान दिल्यासारखं दिसतं आणि मुख्य यादीला हात लागत नाही. चौकटच करायची तर दोघींची नावं काढा, पण मग पेलेंनी स्वतः काय केलं होतं तेही पानावर छापू नका. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, क्रमांक काढा, नावं अकारविल्हे लावा, एकच यादी.

त्या दोघींसाठी जागा करताना सॉक्रेटिस आणि रॉबेर्तो बॅजिओ गेले. सॉक्रेटिस काढताना मला फार वाईट वाटलं. १९८२ चा तो ब्राझीलचा संघ, तो दाढीवाला डॉक्टर कर्णधार, टाचेचे ते पास. पण पंचवीस म्हटल्यावर कोणीतरी जाणारच होतं, आणि मार्तापेक्षा तो मोठा होता असं मला मनापासून वाटत नाही. अकारविल्हे लागल्यावर ती मॅराडोना आणि मेस्सीच्या शेजारी आली. काकांनी प्रूफ वाचलं, हॅम का गेली ते विचारलं आणि सही केली.

३१ तारखेला सकाळपासून फोन सुरू झाले. मंगळवार पेठेतून एकाने सॉक्रेटिसवरून मला भरपूर झापलं. दोघांनी बायका कशाला घातल्या म्हणून विचारलं, त्यांतला एक खाशाबांच्या मुद्द्यावर बराच वेळ वाद घालत बसला आणि न पटताच फोन ठेवला.

दुपारी एका मुलीचा फोन आला. ती इथल्याच मैदानावर खेळते, मधल्या फळीत. तिला यादीत महिला आहेत याचं अप्रूप नव्हतं, तिची तक्रार होती. “मार्ता बरोबर आहे सर. पण सावा कुठाय? होमारे सावा?” तिने मला २०११ च्या महिला विश्वचषकाची फायनल सांगितली, जणू मी ती पाहिलीच नव्हती. जपान अतिरिक्त वेळेत १-२ मागे, ११७ वं मिनिट, मियामाचा कॉर्नर, आणि जवळच्या खांबापाशी गोलकडे पाठ करून सावाने पायाच्या बाहेरच्या बाजूने वळवलेला तो चेंडू. मग पेनल्टींवर चषक. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचे, सर्वोत्तम खेळाडूही तीच.

मी म्हटलं, मान्य आहे, पण मग पंचविसातून कोणाला काढू? ती म्हणाली, एकर्सला. मी नाही म्हणालो. मग ती म्हणाली, तर बेकहॅमला काढा. यावर आमचं बराच वेळ चाललं.