रामशास्त्र्यांच्या गावात

आज अण्णांबरोबर कोर्टात गेलो होतो. बांधाचा दावा. समोरची पार्टी गैरहजर, वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेले, आम्हाला पुढची तारीख. अण्णांना आता त्याचं काही वाटत नाही.

येताना माहुलीला थांबलो. कृष्णा-वेण्णेच्या घाटावर अण्णा म्हणाले, "रामशास्त्री प्रभुणे हितलेच की रं."

१७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. रघुनाथराव गादीवर बसलेले असताना पेशव्यांचे न्यायाधीश असलेल्या शास्त्र्यांनी दोष त्यांच्याच माथी ठेवला आणि पद सोडून पुण्याबाहेर पडले. जयंतीच्या भाषणात गोष्ट इथंच संपते. पण पुढं रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांच्या, म्हणजे बारभाईंच्या काळात ते पुन्हा न्यायाधीश झाले, आणि मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. बाणेदारपणा एकट्याचा असतो, त्याला परत खुर्चीवर बसवायला मागं कारभार लागतो.

आज उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश हटवायचा तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. १९९३ मध्ये न्या. व्ही. रामस्वामींविरुद्धचा प्रस्ताव लोकसभेत आला, काँग्रेसचे खासदार मतदानापासून लांब राहिले आणि तो पडला. हे संरक्षण हवंच, नाहीतर सरकारविरुद्ध निकाल द्यायला कोण धजेल? पण हिशेब द्यायला काय हरकत? सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची मालमत्ता मे २०२५ मध्ये संकेतस्थळावर आली, तीही स्वेच्छेनं. आमच्याकडं ग्रामपंचायतीला उभं राहणाऱ्यालासुद्धा मालमत्तेचं घोषणापत्र द्यावंच लागतं.