बंद खाणीत जंगल आपोआप येतं का?

"टेकडी फोडून खडी नेली, खाण बंद पडली. आता तिथं काही न लावता जंगल येईल का? किती वर्षांत?" नाशिकच्या आसपासच्या टेकड्या पाहून हे नेहमी विचारलं जातं. येईल, पण वर्षं किती ते खाणीच्या कुठल्या भागाबद्दल विचारताय त्यावर ठरेल.

डबराच्या ढिगाची फार काळजी नको. दगडांच्या फटींत मुरूम-माती असते, त्यामुळे काही पावसाळ्यांतच रुई, तरवड, घाणेरी उगवतात. रुई आली की तिच्या पानांवर अंडी घालायला प्लेन टायगर फुलपाखरू येतंच. उभ्या कड्याच्या भेगेत पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ, उंबर रुजतात.

खरा हट्टी असतो तो तळ. डंपरखाली दाबलेला, मे महिन्यात हात ठेववत नाही असा काळा पाषाण. बी तिथं वाऱ्यानं, पक्ष्यांमुळे पडतच असतं, माती नसते. पहिल्या पावसांत त्यावर काळपट-हिरवी, बुळबुळीत पापडी धरते. ते नीलहरित शैवाल. हवेतला नत्र बांधण्याचं काम तिथून सुरू होतं. दगडफूल आणि शेवाळ आपल्या संथ गतीनं पसरतात. खळग्यात बोटभर गाळ साचला की तेरडा, सोनकी उगवतात, पावसाळा सरला की वाळतात, आणि कुजून पुढच्यांसाठी माती होतात.

मग कुसळ नावाचं गवत. याचं बी बघण्यासारखं असतं: पुढं सुईसारखं टोक, मागं लांब शेपूट. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, वाळलं की परत पडतो, आणि त्या फिरण्यानं बी जमिनीत घुसतं. कुसळासोबत उन्हाळी, नीळ या शेंगा येणाऱ्या वनस्पती आल्या तर उत्तम, त्यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. टाकळ्याला शेंगा येतात म्हणून त्यालाही याच रांगेत बसवू नका. त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत.

उघड्या खडीवर टिटवी अंडी घालते, विरळ गवतात चंडोल राहतो. बोर, करवंद दाटली की हे दोघे जातात आणि बुलबुल येतो. फळं खातो, बिया टाकतो, झुडपं आणखी वाढतात. आइसलंडजवळ १९६३ साली समुद्रातून वर आलेल्या सर्टसी बेटावरही झाडोरा बरीच वर्षं रेंगाळला होता. १९८०च्या दशकात कुरव पक्ष्यांनी तिथं वसाहत केली, त्यांच्या विष्ठेचं खत मिळालं, तेव्हा तो झपाट्यानं पसरला.

घाई असेल तर तळ जिथं नुसता दाबलेला आहे तिथं पहारीनं फूटभर सैल करा आणि उताराला आडवे, फूट-दीड फूट उंचीचे दगडी बांध घाला. शेजारच्या टेकडीवरचं गवत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बियांसकट कापून कोरडं ठेवा. कुसळाचं ताजं बी काही महिने सुप्तच असतं, म्हणून साठवल्यानं नुकसान नाही. जूनच्या तोंडावर ते बांधांच्या वरच्या अंगाला पातळ पसरून वर दगड ठेवा. मधूनमधून पुरुषभर उंचीच्या वाळक्या फांद्या रोवा, पक्षी बसतील. अखंड पाषाणात मशीननं खड्डे घेऊन रोपं लावणं मात्र टाळा. असा खड्डा पावसाळ्यात हौद होतो, मुळं कुजतात, आणि उरलेली उन्हाळ्यात वाळतात. शेतातली माती आणून टाकली तर तिच्यासोबत गाजरगवत येतं.

दरवर्षी वणवा लागला तर गाडी कुसळापाशीच अडते: गवत मुळापासून परत फुटतं, कोवळी झुडपं जळतात. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, गवत वाळण्याआधी, डिसेंबरपर्यंत काढा. गुरं चारायला सोडू नका, गवत कापून न्या. घाणेरी माजली तर नुसती छाटू नका, ती दुप्पट फुटते. सोटमूळ जमिनीखाली तीन-चार बोटांवर तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा.

आणि प्रत्येक उघडा कातळ म्हणजे बिघडलेली जागा नव्हे. नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या नावानं ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची जात तिथल्याच उघड्या, खडकाळ माळावरची आहे. तशा मूळच्या कातळावर बांध घालायला जाऊ नका; वरचं सगळं फक्त खणून ठेवलेल्या जागेसाठी.