डेकच्या दिव्यांभोवती फिरणारे पक्षी

जहाजावर मध्यरात्री बारा ते पहाटे चार ही सेकंड ऑफिसरची, म्हणजे माझी, वॉच (पहाऱ्याची पाळी). या वेळात ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, आम्ही दोघंच असतो, मी आणि सुकाणू धरणारा सुकाणी.

ती रात्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली. क्रीट बेट मागे टाकून आम्ही सुएझकडे निघालो होतो. ढग खाली आलेले, एकही तारा नाही, बारीक पाऊस. संध्याकाळी मागच्या मुरिंग डेकवर (जहाज दोरांनी बांधायच्या जागी) काम चाललं होतं आणि तिथले दिवे तसेच चालू राहिले होते. वॉच घेताना मी ते पाहिले. ब्रिजच्या मागे पडतात, समोरचं बघायला त्यांची अडचण होत नाही, म्हणून राहू दिले.

दोनच्या सुमाराला सुकाणी विंगवरून, म्हणजे ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावरून, आत आला. "मॅडम, मागे या जरा. पाखरं गरगर फिरतायत."

शंभराच्या वर असतील. दिव्याच्या उजेडात पावसाच्या रेषा आणि त्यातून तेच ते वर्तुळ काढणारे बारीक जीव. आवाज जवळजवळ नाहीच. फक्त मधूनमधून पत्र्यावर टप्प असं काहीतरी आपटायचं. तो 'टप्प' म्हणजे काय, हे कळायला मला दोन-तीन मिनिटं लागली. मग मी धावत जाऊन दिवे बंद केले.

सकाळी सारंगाने (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाने) 31 मेलेले पक्षी गोळा केले. बहुतेक पर्ण वटवटे, म्हणजे जेमतेम नऊ-दहा ग्रॅमचे. एकाला मी तळहातावर घेतलं. पाठ हिरवट, पोट फिकं पिवळं, पाय काडेपेटीतल्या काडीहून बारीक. बोट छातीवरून फिरवलं तर मधलं हाड ब्लेडच्या धारेसारखं लागलं. दोन्ही बाजूंना जे मांस असायला हवं, ते जवळजवळ नव्हतंच. एक जिवंत सापडला होता. मी त्याला पाण्यात भिजवलेला पाव भरवायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत तोही गेला.

नंतर वाचायला लागले तेव्हा समजलं की माझा पाव त्याच्या उपयोगाचा नव्हताच. किडे खाणारा पक्षी तो. शिवाय लांबच्या प्रवासात या पक्ष्यांचं आतडं आणि यकृत आक्रसून लहान होतं. सगळी मदार असते आधी साठवलेल्या चरबीवर. एक ग्रॅम चरबीतून पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते आणि ती जळताना थोडं पाणीही तयार होतं. चरबी संपली की पक्षी स्वतःचे स्नायू जाळायला लागतो. माझ्या बोटाला लागलेलं ते हाड म्हणजे तेच होतं.

या हिशोबावर पक्षी काय करून दाखवतात, ते वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले होते. उत्तर अमेरिकेतला ब्लॅकपोल वॉर्बलर एरवी 12 ग्रॅमचा असतो. निघण्याआधी तो खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो. अर्ध्या ग्रॅमचं यंत्र पाठीवर बांधून केलेल्या अभ्यासात (2015 साली तो प्रसिद्ध झाला) हे पक्षी अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता, अडीच हजार किलोमीटरच्या आसपास उडत कॅरिबियन बेटांवर उतरल्याचं दिसलं.

पण हा हिशोब वारा पाठीशी असेल तरच जमतो. जमिनीवर हवा बिघडली तर पक्षी एखाद्या झुडपात उतरतो. समुद्रावर तो कुठे उतरणार? मेक्सिकोच्या आखातावरून वसंतात उत्तरेकडे येणाऱ्या पक्ष्यांना किनारा जवळ आल्यावर समोरून थंड वारा आणि पाऊस गाठतो, तेव्हा जे पोचतात ते पहिल्या झाडावर अक्षरशः कोसळतात. एप्रिल 1993 मध्ये लुइझियानाच्या किनाऱ्यावर अशाच एका वादळात सुमारे 40,000 पक्षी मेले, 45 जातींचे. त्याच आखातातल्या 105 तरुण टायगर शार्कची पोटं तपासली, तर 41 पोटांत पक्ष्यांचे अवशेष निघाले. ते समुद्रपक्ष्यांचे नव्हते, तर भिंगरीसारख्या जमिनीवरच्या पक्ष्यांचे होते.

आमच्या त्या वाटेवर, भूमध्य समुद्रात, एलिओनोराचा ससाणा असतो. बाकीचे पक्षी वसंतात पिल्लं काढतात, हा उन्हाळा सरताना काढतो. कारण पिल्लांना भरवायची वेळ आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या लहान पक्ष्यांची वेळ एकच पडते. त्याचा मला राग येत नाही, शार्कचाही नाही. राग येतो तो जाळ्यांचा. बर्डलाइफ इंटरनॅशनल या पक्षी-संवर्धन संस्थेच्या अंदाजानुसार भूमध्य समुद्राभोवती दरवर्षी सुमारे अडीच कोटी पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात. समुद्र ओलांडून आलेला पक्षी ज्या पहिल्या झुडपात उतरतो, तिथेच जाळं किंवा चिकट काडी लावलेली असते.

आणि राग येतो दिव्यांचा, ज्यात माझे दिवे आले.

रात्री उडणारे पक्षी ताऱ्यांवरून आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरतात. ढगांनी तारे झाकले की खालचा दिवा त्यांना खेचून घेतो. उजेडाच्या कडेला काळोखाची भिंत असावी तसे ते आतच घिरट्या घालत राहतात आणि आफ्रिकेपर्यंत पुरवायची चरबी तिथेच संपवतात. युरोपियन रॉबिनवरच्या प्रयोगांत लाल उजेडात त्यांचा चुंबकीय दिशाबोध बिघडलेला दिसला आहे. उत्तर समुद्रातल्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर लाल रंगाचा भाग काढून हिरवट दिवे लावून पाहिले, तेव्हा भोवती कमी पक्षी जमले. नव्या रंगाच्या दिव्यांसाठी मी थांबत नाही. चालत्या जहाजाला नेव्हिगेशन लाइट लागतात, बाकीचे बहुतेक दिवे बंद ठेवता येतात. नांगरावर असताना मात्र मोठ्या जहाजाला डेक उजळावाच लागतो, तो नियम आहे. तिथे निदान केबिनचे पडदे तरी ओढायला लावते.

आता शरद आणि वसंतात वॉच घेतली की आधी जहाजाच्या मागच्या टोकापर्यंत नजर टाकते. ब्रिजवर भोकं पाडलेला एक पुठ्ठ्याचा खोका ठेवला आहे. थकलेला पक्षी सापडला तर त्यात ठेवायचा, झाकण लावायचं, हात लावायचा नाही, काही भरवायचं नाही.

गेल्या वर्षी लाल समुद्रात एक रणगोजा आपणहून आला. त्याला खोका लागला नाही. दिवसभर हॅच कव्हरवर (मालाच्या कोठाराच्या झाकणावर) दोन्ही पायांनी टुणटुण उड्या मारत होता. थांबायचा, शेपटी हलवायचा, एखादी माशी टिपायचा. सारंगाने त्या बाजूचं रंगकाम दुसऱ्या दिवशीवर ढकललं. सूर्य बुडाल्यावर तो रेलिंगवर जाऊन बसला, बराच वेळ. माझी वॉच नव्हती, तरी मी विंगवर उभी होते. तो उडाला, पाण्यालगत थोडा खाली गेला, मग वर चढला. मी विंगवरच्या होकायंत्राच्या रिपीटरवरून त्याची दिशा, म्हणजे बेअरिंग, घेतलं, 215 अंश. त्या बाजूला आफ्रिकेचा किनारा होता.