डावीकडून तिसरे

आमच्या नाशिकच्या पेपरात एक फोटो जवळपास रोज असतो. कधी पंचवटीतला, कधी सिडकोतला, कधी सातपूरचा. निवेदनाच्या एका कागदाला दहा-बारा हात लागलेले, आणि ज्याला ते द्यायचं तो अधिकारी कोपऱ्यात अर्धा कापलेला. खाली 'डावीकडून' अशी नावांची माळ. मी हा फोटो चवीनं पाहतो. कोणाची नजर साहेबांवर आणि कोणाची कॅमेऱ्यावर, यावरून पुढच्या वेळी तिकीट कोण मागणार याचा अंदाज बांधता येतो.

छापून कोण येणार हे ठरतं कसं? पानावर आधी जाहिराती बसतात, उरेल ती जागा बातम्यांना. वाढदिवसाला अर्धं पान घेणाऱ्या 'भाऊं'विरुद्धची बातमी आतल्या पानावर सिंगल कॉलम झाली, तर नवल कसलं? २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर तर पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं, की एकाच नेत्याचं कौतुक वेगवेगळ्या पेपरांत शब्दन्‌शब्द तेच होतं. 'पेड न्यूज', म्हणजे पैसे देऊन छापून आणलेली बातमी, हे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसलं.

पण सगळं खापर पैशावर फोडणं मला पटत नाही. बातमी व्हायला 'आज' काहीतरी घडावं लागतं, खरी मेख तिथं आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या बायका दर उन्हाळ्यात हंडे घेऊन मैलभर चालतात, ते रोजचंच. मंत्री पाहणीला गेले की बातमी होते, आणि तीही मंत्र्यांची. कांद्याचा पडलेला भाव बाजारभावाच्या बारीक चौकटीत असतोच, तो वाचतो कोण? २०१८ मध्ये निफाडच्या एका शेतकऱ्यानं ७५० किलो कांद्याचे आलेले १०६४ रुपये थेट पंतप्रधानांना मनीऑर्डर केले, तेव्हा कुठे दिल्लीच्या पेपरांना लासलगावची आठवण झाली. भाव तर आधीच पडला होता. मनीऑर्डर तेवढी नवीन होती.

त्याच वर्षीचा किसान लाँग मार्च आठवा. ६ मार्चला शेतकरी नाशिकच्या सीबीएस चौकातून पायी मुंबईकडे निघाले. इथल्या पेपरांतून तो मोर्चा दिसत होता, पण देशभरच्या वाहिन्यांना बहुतेक तेव्हाच दिसला, जेव्हा ती लाल टोप्यांची रांग मुंबईच्या दाराशी पोचली. पावलं मात्र कसारा घाटातही तीच होती, फोड आलेली.

पुढाऱ्यांना हे गणित तोंडपाठ असतं. आंदोलन दुपारच्या आत, फोटो लगेच, प्रेसनोट पान लागायच्या आधी. तुंबलेलं गटार गुपचूप मोकळं करून घेणाऱ्याचा फोटो कसा काढणार?

आमच्या कॉलनीतले एक काका हे ओळखून आहेत. रस्त्यातल्या खड्ड्यासाठी अर्जांवर अर्ज झाले, काही हललं नाही. मग त्यांनी खड्ड्यात बेशरमाचं झाड लावलं, हार घातला आणि ओळखीच्या वार्ताहराला फोन केला. दुसऱ्या दिवशी तीन कॉलमी फोटो! दुपारी गाडीतून दोन माणसं आली, घाईघाईनं झाड उपटलं आणि हारासकट घेऊन गेली.